पक्षी दिसत नाही, फक्त ऐकू येतो: नर की मादी, कसं ओळखायचं?

झाडीतून आवाज येतो, पक्ष्याचा पत्ता नसतो, आणि सोबतचा जाणकार सहज म्हणून जातो, "मादी आहे." नवख्याला हे अवघड वाटतं. प्रत्यक्षात काही जातींत ते एका सकाळी जमण्याइतकं सोपं असतं, तर काही जातींत जन्मभर ऐकूनही जमत नाही. या दोन गटांतला फरक आधी कळला तर बरीच फुकटची धडपड वाचते.

त्याहीआधी दोन समजुती डोक्यातून काढून टाका. पहिली म्हणजे नराचा आवाज जाड आणि मादीचा बारीक. दुसरी म्हणजे गातो तो नर आणि मादी गप्प. दोन्ही कधी खऱ्या ठरतात, कधी सपशेल खोट्या. बऱ्याच घुबडांत मादी आकाराने मोठी, तरी खर्जातला आवाज नराचा. बदकांत कलकलाट करणारी मादी. इमूमध्ये मानेतली पिशवी फुगवून खोल घुमणारा आवाज काढते तीही मादीच. नर नुसता घुरघुरतो. म्हणून आवाज जाड की बारीक हे सगळ्यात शेवटी बघायचं. सुरुवात आवाजाच्या घडणीपासून करायची: त्यात तुकडे किती, ते लांब की तुटक, सूर चढतो की उतरतो, आणि तो कोणाला उत्तर म्हणून येतोय का.

पहिलं काम: जात पक्की करा

'मादीचा आवाज' अशी सगळ्या पक्ष्यांना लागू पडणारी गोष्ट नाही. प्रत्येक जातीचा कायदा वेगळा. त्यामुळे जात ठरल्याशिवाय नर-मादीच्या प्रश्नाला हातच घालू नका. मर्लिन किंवा बर्डनेटसारखी मोबाइल अॅप आवाजावरून जात सुचवतात, त्यांची मदत जरूर घ्या. पण ती जातीपाशीच थांबतात. नर की मादी हे सांगत नाहीत. तिथून पुढचं काम तुमच्या कानाचं.

जात कळली की तिला मनातल्या मनात तीनपैकी एका कप्प्यात टाका. पहिल्या कप्प्यात नर-मादीचे आवाज उघड वेगळे असणाऱ्या जाती: कोकिळ, बदक, गिनी फाउल (कोंबडीसारखा एक पाळीव पक्षी). दुसऱ्यात, एखाद-दुसऱ्या प्रकारचाच आवाज वेगळा आणि बाकी सगळे सारखे असणाऱ्या जाती. आणि तिसऱ्यात, नुसत्या कानाने काही ठरवता येणार नाही अशा जाती. पोपटांच्या अनेक जाती, बुलबुल आणि साळुंक्या नवख्याने बिनदिक्कत या तिसऱ्या कप्प्यात टाकाव्यात. नर-मादी दिसायला सारखे असणाऱ्या पोपटांत तर पाळणारे लोक पिसाची किंवा रक्ताची डीएनए तपासणी करून घेतात. त्यांच्याकडे पक्षी दिवसभर समोर बोलत असतो, तरीही. तेव्हा आपण बागेत दोन मिनिटं ऐकून निकाल देऊ नये.

दुसरं काम: गाणं आणि हाक वेगळी करा

पक्षी तोंडाने जे जे काढतो ते सगळं गाणं नसतं. गाणं लांब, ठरावीक बांधणीचं, आणि बहुतेक वेळा हद्द राखण्यासाठी किंवा जोडीदारासाठी असतं. हाक छोटी असते, एक-दोन सुरांची, आणि तिला लगेचचं काही काम असतं: मी इथे आहे, ससाणा आला, पिल्लांनो गप्प बसा. धोक्याच्या हाका बहुतेक जातींत नर-मादी दोघंही काढतात आणि त्या सारख्याच वाटतात, त्यामुळे नर-मादीसाठी त्या जवळजवळ निरुपयोगी. मांजर आल्यावर उठलेल्या कल्लोळातून मादी शोधत बसू नका.

हा फरक नीट दाखवणारा पक्षी म्हणजे झेब्रा फिंच. पिंजऱ्यात पाळला जाणारा, लाल चोचीचा हा छोटा पक्षी. यात गाणं फक्त नर गातो. मादी गात नाही, पण बोलते पुष्कळ. दोघंही दुरून एकमेकांना हाक मारतात आणि त्या हाकेतही फरक असतो: नराची हाक आखूड आणि झपकन सूर बदलणारी, मादीची थोडी लांब, खालच्या पट्टीतली आणि सपाट. गाणं ऐकू आलं तर विषयच संपला. नाही आलं तर हाकेची लांबी ऐकायची. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड यांनी दाखवून दिलं की झेब्रा फिंच आणि कॅनरी यांच्या मेंदूत गाण्याचं नियंत्रण करणारी केंद्रं नरात मादीपेक्षा बरीच मोठी असतात. म्हणजे झेब्रा फिंचची मादी लाजाळू आहे म्हणून गात नाही अशातला भाग नाही. तिच्या मेंदूत गाण्याची ती यंत्रणाच नराइतकी वाढलेली नसते.

हाकांमधला एक प्रकार मात्र खास लक्षात ठेवा, तो म्हणजे खाऊ मागण्याची हाक. विणीच्या हंगामात अनेक जातींत नर मादीला भरवतो, आणि तेव्हा मादी पंख थरथरवत अगदी पिल्लासारखा केविलवाणा आवाज काढते. घरट्यात बसलेली कावळ्याची मादीही असंच करते. नवखा माणूस 'पिल्लू' असं लिहून मोकळा होतो. घरट्याच्या दिशेने असा आवाज आला आणि हंगाम नुकताच सुरू झालेला असला, तर पिल्लाआधी मादीचा विचार करा.

तिसरं काम: सोप्या पक्ष्यांवर कान बसवा

कोकिळेपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण इथे नर-मादी आवाजाने आणि रंगाने असे दोन्ही बाजूंनी वेगळे आहेत. ज्याला सगळे ओळखतात ती 'कुऊ... कुऊ' ही साद नराची. ती खालच्या सुरात सुरू होते, प्रत्येक 'कुऊ' आधीच्यापेक्षा वरच्या सुरात जातो, सात-आठ वेळा चढत चढत टिपेला पोचतो आणि तिथे एकदम तुटतो. थोडी उसंत, की पुन्हा खालून सुरुवात. ही चढण कानात बसवा. मादीच्या आवाजात ही चढण नसते. तिचं 'किक्-किक्-किक्-किक्' धारदार आणि घाईचं असतं. पुष्कळदा ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना किंवा कावळे मागे लागलेले असताना ते काढते. आवाजाच्या रोखाने पाहिलंत तर नर चकचकीत काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. आवाज ऐका, अंदाज मनात ठरवा आणि मगच दुर्बीण उचला. हा क्रम उलटा केलात तर डोळा आधी उत्तर देतो आणि कान शिकत नाही.

बदकांचं प्रकरण याहून मजेदार आहे. मॅलार्ड हे रानबदक आणि त्यापासून तयार झालेल्या पाळीव जातींमध्ये जो खणखणीत 'क्वॅक' आपल्याला माहीत आहे तो मादीचा. त्यातही तिची एक लकब आहे: पाच-सहा 'क्वॅक' ओळीने, पहिला-दुसरा सगळ्यात मोठा आणि पुढचे उतरत जाणारे. नराचा आवाज घसा बसल्यासारखा, खरखरीत आणि हळू. लांबून तर तो ऐकूही येत नाही. कारण शरीरातच आहे. नराच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला, स्वरयंत्रापाशी, डाव्या बाजूला हाडाची एक पोकळ फुगवटी असते. मादीला ती नसते. बदकं पाळणारे लोक म्हणूनच शेपटीवरची वळलेली पिसं येण्याची वाट बघत बसत नाहीत. पिल्लं साधारण दोन महिन्यांची झाली की एकेकाला हलकेच उचलतात. मादी 'क्वॅक' करून निषेध नोंदवते, नर खरखरतो. त्याआधी मात्र सगळी पिल्लं चिवचिवतात, तेव्हा घाई करून उपयोग नाही. आणि हा नियम मस्कोव्ही बदकाला लावू नका. त्याचं मूळ वेगळं आहे: त्यात नर फुत्कारतो आणि मादीचा आवाज हळू, थरथरता असतो.

गिनी फाउल तुम्हाला या सगळ्या विद्येतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवेल, त्यामुळे इथे जरा थांबू. या पक्ष्यात नर-मादी दिसायला इतके सारखे असतात की पाळणारे लोकही आवाजावरच भिस्त ठेवतात. मादी दोन तुकड्यांची हाक देते, पहिला तुकडा आखूड आणि दुसरा लांब, वर चढणारा: 'बक्-व्हीट, बक्-व्हीट'. नर एकाच तुकड्याची 'चि-चि-चि-चि' अशी रट लावतो. इथपर्यंत सोपं आहे. खाचखळगा पुढे आहे. घाबरली किंवा चिडली की मादीसुद्धा नरासारखी एका तुकड्याची रट लावते. नर मात्र दोन तुकड्यांची हाक कधी देत नाही. याचा अर्थ असा की दोन तुकडे ऐकले तर मादी नक्की, पण एकच तुकडा ऐकला म्हणून नर नक्की नाही. पुरावा एकाच बाजूने चालतो.

हा एकेरी पुरावा जवळजवळ प्रत्येक जातीत भेटतो. म्हणून वहीत 'अमुक आवाज म्हणजे नर' असं लिहायच्या आधी स्वतःला विचारा: हा आवाज दुसऱ्याला काढताच येत नाही, की तो फक्त कमी काढतो? पहिल्या प्रकारच्या आवाजावर निर्णय द्यावा. दुसऱ्यावर फक्त अंदाज बांधावा. कोंबड्यांतसुद्धा हेच. बांग म्हणजे कोंबडा असं आपण डोळे झाकून म्हणतो, पण अंडाशय निकामी झालेली एखादी कोंबडी बांग द्यायला लागते, आणि कोंबडा नसलेल्या खुराड्यात कधी धडधाकट कोंबडीही देते.

घरात किंवा खुराड्यात पाळीव पक्षी असतील तर सराव आणखी सोपा. जपानी लावा सहा आठवड्यांच्या आसपास वयात येतो आणि नर तीन तुकड्यांची खरखरीत आरोळी द्यायला लागतो. शिवाय नेहमीच्या तपकिरी रंगाच्या लाव्यात नराची छाती तांबूस आणि मादीची ठिपकेदार, म्हणजे ताळा लगेच पडतो. बजरीगर या छोट्या पाळीव पोपटात नर तासन्‌तास गुणगुणत, डोकं हलवत बसतो. मादीचं बोलणं कमी आणि कर्कश. कॉकटील या तुरेवाल्या पाळीव पोपटाचा नर काही महिन्यांचा झाला की शिट्ट्यांच्या वेगवेगळ्या लकेरी जमवायला लागतो, मादी बहुधा एकाच सुरावर अडून राहते. शेवटच्या दोघांत अपवाद पुष्कळ, म्हणून मी त्यांना दुसऱ्याच कप्प्यात ठेवतो. लव्हबर्ड या छोट्या पोपटाच्या बाबतीत आवाजावरून सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

चौथं काम: जोडीचं संभाषण उलगडा

दोन पक्षी इतके जुळवून बोलतात की ऐकणाऱ्याला एकच पक्षी वाटतो, हा या छंदातला सगळ्यात रंजक भाग. युरोपातल्या टॉनी घुबडाचं उदाहरण घ्या. त्याचा 'टु-व्हिट, टु-व्हू' असा सलग आवाज सांगितला जातो. प्रत्यक्षात 'की-विक' ही बहुधा मादीची हाक आणि लांबवलेला, थरथरता 'हूऽऽ' हा नराचा. एकीने विचारलेलं, दुसऱ्याने उत्तर दिलेलं. पूर्व ऑस्ट्रेलियातला व्हिपबर्ड तर आणखी बेमालूम आहे. नर एक लांब, स्थिर शीळ ओढतो आणि तिच्या शेवटी फटकन आवाज काढतो. क्षणाचीही फट न ठेवता मादी दोन-तीन 'चू-चू' जोडून देते.

अशा वेळी करायचं काय? डोळे मिटा आणि आवाज कुठून येतोय तेवढंच ऐका. दोन तुकडे दोन जागांवरून येत असतील तर पक्षी दोन. मग काही वेळ फक्त एकाचाच माग ठेवा आणि दुसऱ्याकडे चक्क दुर्लक्ष करा. एखाद्या खेपेला पहिला तुकडा येतो आणि उत्तर येतच नाही. त्या एका खेपेत सगळं उलगडतं.

सारस क्रौंचांची जोडी हे काम दिवसाउजेडी, उघड्या मैदानात करून दाखवते, म्हणून शिकायला ती उत्तम. दोघं शेजारी उभे राहतात, माना ताणून चोची आभाळाकडे करतात आणि एकत्र साद घालतात. मादी सुरुवात करते आणि नराच्या एका हाकेमागे तिच्या दोन हाका पडतात. डोळ्यांना खूण हवी असेल तर पंख बघा: नर या वेळी पंख पाठीवर उचलतो, मादी ते अंगाशी मिटूनच ठेवते. पंख बघत हाका मोजा. थोड्या वेळाने पाठ फिरवून नुसत्या कानाने मोजा. एकास दोन हा हिशेब कानात बसला की लांबून, धुक्यातूनही जोडी उलगडते. मात्र जोडी नसलेला एकटा सारस ओरडत असेल तर हा हिशेब लागू होत नाही.

पाचवं काम: हंगाम आणि वय लिहून ठेवा

नराचं गाणं अनेक जातींत विणीच्या हंगामापुरतं असतं. कोकिळाची साद हंगाम संपला की जवळपास बंद पडते. मग पुढचे काही महिने 'इथे नर नाहीत' असा निष्कर्ष काढणं चूक. तरुण पक्षी तर सगळा गोंधळ घालतात. कोवळा नर आधी पुटपुटल्यासारखं, तुटक, न जमलेलं गातो. झेब्रा फिंचचं गाणं पक्कं व्हायला सुमारे ९० दिवस लागतात. त्याआधीच्या त्या अडखळत्या आवाजाला 'मादीचं अर्धवट गाणं' समजू नका.

आणि मादी गाते तेव्हा? हे स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण पुष्कळ जुन्या पुस्तकांनी आणि निरीक्षकांनी गाणाऱ्या पक्ष्याला न बघताच नर ठरवून टाकलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे माहिती उपलब्ध होती अशा गाणाऱ्या पक्ष्यांच्या ३२३ जाती तपासल्या. त्यातल्या ७१ टक्के जातींत मादीही गाते असं आढळलं. युरोपीय रॉबिनची मादी हिवाळ्यात स्वतःची हद्द राखते आणि त्यासाठी गाते. अमेरिकेतल्या कार्डिनलची मादी घरट्यात बसूनसुद्धा गाते. रंगीत पाणलाव्यात तर सगळाच उलटा कारभार: मादी जास्त रंगीत, विणीच्या काळात घुमणारी साद तिचीच, आणि अंडी उबवतो नर. बटन क्वेल या लाव्यासारख्या छोट्या पक्ष्यातही तसंच. त्यामुळे नवीन जात समोर आली की 'गाणं म्हणजे नर' हे गृहीत धरू नका. आधी त्या जातीत मादी गाते का ते शोधा.

गाण्याइतकं लक्ष मादीच्या साध्या आवाजाकडेही जायला हवं. युरोपातल्या साध्या कुकूचा नर 'कुक्-कू' करतो ते सर्वांना माहीत; मादी बुडबुडे फुटल्यासारखी भराभर खिदळते, तिकडे फारसं कोणी कान देत नाही. ती दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकून निघते तेव्हा हे खिदळणं ऐकू येतं, आणि ते शिकारी ससाण्याच्या आवाजासारखं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की ते ऐकून घरट्याचे मालक स्वतःच्या जिवाला धोका आहे का हे बघायला लागतात आणि परक्या अंड्याकडे त्यांचं दुर्लक्ष होतं.

सहावं काम: रेकॉर्डिंग करा आणि आवाज डोळ्यांनी बघा

साधा मोबाइल चालतो. पक्ष्याच्या दिशेने धरा, हात हलवू नका, आणि शेवटी स्वतःच्या आवाजात जात, वेळ आणि 'पक्षी दिसला' किंवा 'दिसला नाही' एवढं बोलून ठेवा. घरी आल्यावर ते ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघा. त्यात आडव्या दिशेला वेळ आणि उभ्या दिशेला सुराची उंची. कानाला न जाणवणारा फरक इथे चटकन दिसतो: आखूड तिरपी रेघ कुठली, लांब सपाट थर कुठले. झेब्रा फिंचच्या नर-मादीच्या हाका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मी वर काय म्हणत होतो ते एका नजरेत कळेल.

तुलनेसाठी झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरातली रेकॉर्डिंग मोफत ऐकता येतात, आणि नर किंवा मादी असं निवडून शोधताही येतात. फक्त एक तपासा: रेकॉर्ड करणाऱ्याने पक्षी प्रत्यक्ष पाहिला होता का, याची नोंद तिथे असते. न बघता 'नर' लिहिलेल्या रेकॉर्डिंगवर स्वतःचा कान घडवू नका.

तुमच्या वहीतही हाच नियम पाळा. 'नर, पाहिला', 'मादी, आवाजावरून' आणि 'कळलं नाही' असे तीन वेगळे शेरे ठेवा. तिसऱ्या शेऱ्याची पानं सुरुवातीला सगळ्यात जास्त भरतील, आणि तशीच ती भरावीत. न्यूझीलंडमध्ये स्वयंसेवक रात्री अंधारात बसून किवी या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या हाका मोजतात. नराची उंच, चढत जाणारी शीळ आणि मादीची खालच्या पट्टीतली घोगरी हाक यांची वेगवेगळी नोंद करतात, आणि त्या नोंदींवरून किवींची संख्या वाढतेय की घटतेय याचा अंदाज घेतला जातो. तिथे ओढूनताणून लिहिलेला 'नर' सगळाच हिशेब बिघडवू शकतो.

राहता राहिला एक मोह: रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलतं करण्याचा. नराची साद वाजवली की हद्दीतला नर चवताळून येतो, मादीही कधी घरटं सोडते, आणि तेवढा वेळ अंडी उघडी पडतात. विणीच्या हंगामात हे करूच नका. एरवीही, ऐकलेला आवाज ताडून बघायचा असेल तर हेडफोन लावा.